तिगावची गेलेली पाटी

पुष्पा सौंसरला वामनरावांच्या ओट्यावर येऊन बसली, तेव्हा तिच्या पिशवीत चार कॅसेटी होत्या आणि डोळे कोरडे होते.

"रडून घे बाई आधी," मोतीराम म्हणाला. "मग सांग."

"रडायले वेळ नाही, भाऊ. साहेब आज संध्याकाळच्या गाडीनं नागपूरले चालले."

वामनराव रेल्वेत होते तेव्हा हरवलेल्या पार्सलांची चौकशी करायचे. निवृत्त झाले, पण वस्तू कोणत्या हातातून गेली हे शोधायची खोड गेली नाही. आता लोक खाजगी कामं घेऊन येत. मोतीरामचं कापडाचं दुकान होतं, स्कूटर होती आणि वामनरावांच्या मागे हिंडायची हौस होती. त्याची अक्कल कापसाच्या बंडीसारखी चालायची. रस्ता बरोबर धरायची, पोचायची मात्र उशिरा.

"काय गेलं चोरीला?" वामनरावांनी विचारलं.

"काहीच नाही, काका. मले चोर म्हटलं असतं तर पोलिसात गेली असती. मले नालायक म्हटलं. त्याची रपट कुठं लिहितात?"

वामनरावांनी पेपर बाजूला ठेवला. "पहिल्यापासून सांग."

पुष्पा पांढुर्ण्याला श्रीकांत सरांच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. सत्त्याऐंशी साल, साऱ्या पंचक्रोशीत तेवढा एकच कॉम्प्युटर. त्याला टीव्ही जोडायचा, टेप जोडायचा, आणि कॅसेटमधून खेळ आत सोडायचा. सरांनी एक विलायती खेळ आणला होता. त्यात आगगाडी बर्फातून जायची.

"पांढुर्ण्यात बर्फ रसवंतीवर दिसते," पुष्पा म्हणाली. "म्हणून आम्ही खेळाले ठिगळं लावली. एका ठिगळानं बर्फ जाऊन संत्र्याची बाग येते. दुसऱ्यानं आपल्या स्टेशनांच्या पाट्या लागतात. तिसऱ्यानं माकडं येतात, संत्री पळवतात. चौथं माझं. त्याले सांधा म्हणतो. तिन्ही ठिगळं जिथं एकमेकांच्या अंगावर येतात, तिथं तो शिवण घालते."

"एकेका कॅसेटमध्ये एकेक?"

"हो. ठिगळ इवलंसं, दोनचार मिनिटांत संपते. पुढं सारी फीत कोरी. आधी क्लासातल्या वेगळ्या कॅसेटीतून मूळ खेळ सोडायचा, मग बाग, मग पाट्या, मग माकडं, आणि शेवटी सांधा. मागून आलेलं आधीच्याले झाकते."

"वाकळीसारखं!" मोतीराम खूश झाला. "वरचं ठिगळ दिसते, खालचं दबते."

"तसंच, भाऊ. अन् सांधा शेवटी नसला तर गाडी अडते."

काल नागपूरच्या एका कंपनीचे रघुनाथराव खेळ पाहायला आले होते. खेळ नीट चालला असता तर पुष्पाला त्यांच्याकडे नोकरी होती. गाडी निघाली, तिगावला पोचली आणि जागीच थिजली. श्रीकांत सर साऱ्यांदेखत म्हणाले, नालायक बाईच्या हाती काम दिलं ही माझीच चूक. पुष्पानं चार कॅसेटी पिशवीत भरल्या आणि जिना उतरली.

"तू क्रम चुकवला नाहीस?"

"क्रमानं गठ्ठा रचून परवा सांजेले पेटीत ठेवला. बाग सगळ्यात वर. काल वरून एकेक उचलली."

"नावं वाचून?"

पुष्पानं कॅसेटी पुढे केल्या. चारींवर सारखंच कोरं करकरीत लेबल होतं: क्लासचं नाव, खाली सरांचं नाव. "पाहुणे येणार म्हणून सरांनी परवाच चिकटवायले लावली. मी म्हटलं, आकडे तरी टाकते. तर म्हणे, घाण दिसतात."

"कॉम्प्युटरात सोडताना कळत नाही कोणती ते?"

"टीव्हीवर नुसते पट्टे दिसतात, काका. लुगड्याच्या काठासारखे."

"पेटीला कुलूप?"

"होतं, अन् सकाळी तसंच होतं. एक चावी माझ्याजवळ. दुसरी सरांच्या खुर्चीमागं खिळ्याले असते, कोणीही घ्यावी." ती थांबली. "एक गोष्ट आहे. परवा मी चारही फिती गुंडाळून सुरुवातीले आणल्या होत्या. काल पाहते तर चारही शेवटाले! साहेब समोर बसलेले, अन् मी आपली फिती मागं घेऊन राहिली. मीच विसरली असन."

"याच्या दुसऱ्या प्रती आहेत?"

"नाही. या चारच. कालपासून माझ्या उशाशी आहेत."

वामनराव उठले. "मोतीराम, किक मार."

पांढुर्ण्याचा रस्ता संत्र्यांच्या बागांमधून जात होता. आंबिया बहार तोडणीला आला होता. झाडं ओटी भरलेल्या लेकींसारखी वाकली होती. पुष्पा बसनं मागून येणार होती.

पहिला भेटला विजय. पाट्यांचं ठिगळ त्याचं. क्लासच्या जिन्यावर तो गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"पुष्पाताईची जागा तुला पाहिजे होती म्हणतात," वामनरावांनी सरळ घाव घातला.

"पाहिजे होती ना! खोटं कायले बोलू? पण मी खेळ बिघडवीन का? माझाच तिगाव गेला, काका!"

"गेला म्हणजे?"

"गाडी थांबली तिगावले, पण पाटीच नाही! महिनाभर बसून पाट्या काढल्या. काल पाहतो तर जिकडंतिकडं झाडंच झाडं. पाटीच्या जागी झाड, फलाटावर झाड. अन् माकड एकही नाही. एवढी संत्री लागली अन् माकड नाही, असं कुठं झालं का?"

"मग तुला काय वाटलं?"

"लाइट कमीजास्त होऊन राहिली होती. मशीन तापली असन." मग तो रागानं म्हणाला, "लेबलावरून माझं नाव काढलं ते काढलं, निदान गाव तरी ठेवायचं होतं."

जिन्याखाली वसंतचं कॅसेटचं दुकान होतं. गाण्यांच्या कॅसेटी तो भाड्यानं द्यायचा. काउंटरवर दोन कॅसेटींची मोठी मशीन होती आणि भिंतीवर सूचना: 'कॅसेट गुंडाळून आणावी, नाहीतर दंड.'

मोतीराम कुजबुजला, "एका खाचेतून दुसरीत प्रत काढते ही. सापडला आपला माणूस."

"वसंतभाऊ, पुष्पाच्या कॅसेटी तुमच्या हाती आल्या असत्या तर?" वामनरावांनी विचारलं.

"तर कानात कापूस घातला असता!" वसंत हसला. "वरून दिवसभर किर्र किर्र येते, रातकिड्याची वरात निघाल्यासारखी. ते कोण विकत घेईल, बाप्पा?"

बोलता बोलता परत आलेल्या कॅसेटींच्या भोकात पेन्सिल घालून तो फिती मागे फिरवत होता. नजर गिऱ्हाइकावर, बोटं कामावर. मोतीरामनं खिशातली जामसांवलीच्या मारुतीच्या आरतीची कॅसेट काउंटरवर ठेवली, तशी त्यानं तीही उचलली.

"मधातच सोडली, भाऊ? मारुतीले असं लटकवून ठेवतात का?" आणि पेन्सिल फिरली.

"तुमचीच आहे का ती?" वामनरावांनी विचारलं.

"नाही ना, यांचीच आहे. हाताले सवय पडली. गुंडाळल्याशिवाय कॅसेट खाली ठेवली तर मले जेवण जात नाही."

श्रीकांत सर घरी होते. बैठकीत पोपट भरलेला रुमाल पांघरून एक मशीन ठेवली होती. मोतीरामनं रुमाल उचलला. दोन खाचा.

"पुतण्याच्या लग्नात घेतली," सर म्हणाले. "लग्नातली गाणी साऱ्या नातेवाइकांना भरून दिली. चहा घ्या. पुष्पाचं म्हणाल तर मला वाईट वाटतं हो. मुलीसारखी होती."

"मुलीला चारचौघांत असं बोलता?"

सरांनी चष्मा पुसला. "पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं. माणूस बोलून जातो."

"ती ठिगळं कोणती आधी, कोणती नंतर?"

"ते सगळं पुष्पाच पाहायची. चारही घातली की झालं ना? मी आपला कारभार पाहतो."

"रघुनाथराव नाराज असतील."

"मी सांगितलंय त्यांना. आठवड्याभरात खेळ नीट करून मी स्वतः नागपूरला घेऊन येतो. क्लासचं नाव राहिलं पाहिजे."

बाहेर येताच मोतीराम म्हणाला, "हा सुटला. ज्याले क्रमच माहीत नाही, तो क्रम बिघडवल कसा?"

वामनराव थांबले. त्यांनी मोतीरामच्या खांद्यावर हात ठेवला. "मोतीराम, तू आज बंडीतून नाही, मेलनं आलास. फक्त उलट्या दिशेनं."

ऊन कलल्यावर सगळे क्लासात जमले. रघुनाथरावांची बॅग दाराशी होती. पुष्पा कोपऱ्यात उभी, पिशवी छातीशी. विजय आणि वसंत बाकावर. सर खुर्चीवर.

"गाडी चुकवणार नाही ना माझी?" रघुनाथराव म्हणाले.

"रेल्वेचा माणूस आहे. नाही चुकवणार." वामनरावांनी टेबलावर चार पुस्तकांचा गठ्ठा रचला. "मोतीराम, यातलं वरून एकेक उचल, चाळ आणि बाजूला ठेव. झालं की गठ्ठा परत दे."

मोतीरामनं चाळली, बाजूला एकावर एक ठेवली आणि गठ्ठा परत केला.

"सगळ्यात वर कोणतं होतं?"

"हे निळं." मोतीरामनं पाहिलं. निळं सगळ्यात खाली होतं. "अरे! उलटला की!"

"तू उलटवला नाहीस. तो आपोआप उलटला. परवा पुष्पा गेल्यावर पेटीतल्या गठ्ठ्याचंही हेच झालं. विजय, काल काय दिसलं?"

"झाडंच झाडं."

"म्हणजे बाग सगळ्यांच्या वर बसली. ती शेवटी गेली. पाट्या आणि माकडं तिच्याखाली दबली आणि सांधा सर्वांआधी गेला. लाइट कमीजास्त झाली तर काहीही बिघडेल; पण क्रम तंतोतंत उलटा होणार नाही. कोणीतरी त्या चार कॅसेटी वरून एकेक करून उचलल्या होत्या. खेळ बिघडवायचाच असता तर एकच पळवली तरी भागलं असतं. मग चारही कशाला हाताळल्या?"

"प्रती काढायले," वसंत म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "मी नाही! तसं पाहू नका!"

"तुम्ही नाही. फिती शेवटाला गेलेल्या सापडल्या. तुमच्या हातून दुसऱ्याची आरतीसुद्धा न गुंडाळता सुटत नाही. विजयही नाही. ठिगळ दोनचार मिनिटांचं आहे हे तो जाणतो; कोरी फीत शेवटपर्यंत चालवत बसणार नाही. आणि क्रमाचं मोल त्याला माहीत आहे. त्यानं गठ्ठा मोडला असता तर जपून तसाच लावला असता. हे ज्यानं केलं, तो फिती गुंडाळणारा नाही आणि कॉम्प्युटर जाणणाराही नाही. लग्नाच्या गाण्यांसारखी त्यानं कॅसेट संपेपर्यंत चालवली. चारही घातली की झालं, असं त्याला वाटत होतं."

मोतीरामच्या तोंडून हळूच निघालं, "ज्याले क्रमच माहीत नाही..."

"त्याच्याच हातून क्रम बिघडला. त्याला कळलंसुद्धा नाही." वामनराव खुर्चीकडे वळले. "सर, चारही कॅसेटी पुष्पाच्या उशाशी होत्या. तिला तुम्ही घालवून दिलं. मग आठवड्याभरात नीट काय करणार होता? तुमच्याजवळ होतं काय?"

खाली वसंतच्या दुकानासमोर कोणी हातगाडीवाला ओरडत गेला. सरांनी चष्मा काढला.

"ही नागपूरला गेली तर इथं कोण शिकवणार?" ते म्हणाले. "पोरं माझ्या नावावर येत नाहीत, मला माहीत आहे. म्हटलं, खेळ तरी मागं राहावा. घरी नेऊन भरून घेतल्या, परत ठेवल्या. खेळ बिघडावा असं मनातही नव्हतं."

"मग मले नालायक कायले म्हटलं?" पुष्पानं विचारलं.

"गाडी थांबली तेव्हा वाटलं, प्रत काढताना मीच काही मोडलं. भीती वाटली. तुझं नाव जवळ होतं, तेच तोंडात आलं." ते उठले, रघुनाथरावांकडे तोंड करून उभे राहिले. "साहेब, तिची चूक नव्हती. माझी होती."

रघुनाथरावांनी घड्याळ पाहिलं नाही. "दाखवा," ते पुष्पाला म्हणाले.

पिशवीत चार कॅसेटी काल सोडल्या त्याच क्रमानं होत्या; पुष्पानं त्या टेबलावर मांडल्या आणि काल शेवटी सोडलेली आधी हाताशी घेतली. मूळ खेळ गेला. बाग गेली, पाट्या गेल्या, माकडं गेली. शेवटी सांधा. पट्टे धावले, थांबले, आणि गाडी निघाली.

दोन्ही बाजूंना संत्री. मग फलाट आणि फलाटावर पाटी: तिगाव. पाटीवर एक माकड बसून संत्रं सोलत होतं.

"माझा तिगाव!" विजय बाकावर उभा राहिला.

गाडी तिगावला थांबली, शिटी दिली आणि पुढे गेली.

"सोमवारी या," रघुनाथराव पुष्पाला म्हणाले आणि बॅग उचलली. मोतीराम त्यांना स्टेशनवर सोडायला स्कूटर काढू लागला.

सर तेवढ्यात घरी जाऊन आले. हातात चार कॅसेटी होत्या. त्यांवरही तीच कोरी करकरीत लेबलं. त्यांनी त्या पुष्पापुढे ठेवल्या.

"पोरं खेळतील," ते म्हणाले. "आधी कोणती?"

पुष्पानं त्यांच्याकडे पाहिलं. मग एकेक कॅसेट मूळ खेळावर सोडून कोणती कोणती ते पाहिलं, विजयच्या खिशातलं पेन मागायला हात पुढे केला आणि करकरीत लेबलावर, सरांच्या नावाच्या अगदी वर, ठसठशीत एकचा आकडा काढला.

"घाण दिसते, सर."

"दिसू दे," सर म्हणाले.

तिनं पुढच्या लेबलावर दोन काढला.