पाय धुऊन या

झरीच्या आमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी पाळक मंडळीचे पाय धुतो. प्रभूने शिष्यांचे धुतले, म्हणून. ओळीने मांडलेल्या खुर्च्या, पितळी परात, तांब्या आणि पाळकाच्या खांद्यावर टॉवेल. पाळक म्हणजे माझा नवरा, जीवन. मी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. त्या दिवशी पाणी भरून देणं आणि वापरलेलं फेकणं माझ्याकडे असतं. लोक घरूनच पाय घासून येतात, काहीजणी तर खोबरेल लावून. मी जीवनला चिडवायची, "धुतलेलेच पाय धुता तुम्ही."

आमचा विश्वास तसा सोपा आहे. देव प्रीती आहे. पाप कबूल करावं, क्षमा मिळते. आणि जो मोठा असेल त्याने खाली बसून दुसऱ्याची सेवा करावी. जीवन हे फार छान सांगतो. ऐकताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं.

मागच्या भाद्रपदात चर्चला पांढरी फरशी बसली. जीवन तिला डोळ्यांत तेल घालून जपत होता, कारण दुसऱ्याच दिवशी परभणीहून पाहुणे यायचे होते. त्या संध्याकाळी पाऊस कोसळत होता. आमच्या मंडळीतले लिंबाजी रानातून थेट प्रार्थनेला आले, घोट्यापर्यंत काळी माती घेऊन. कमी बोलणारा माणूस. उजव्या हाताचं मधलं बोट कधीकाळी कडबाकुट्टीत गेलेलं. जीवन दारात आडवा झाला. "लिंबाजी, पाय धुऊन या."

लाइट नव्हती, नळ कोरडा होता. लिंबाजी ओढ्याकडे गेले. वरून लोंढा आला. सकाळी ते खालच्या बंधाऱ्याला सापडले.

दारातून परत पाठवल्याचं जीवनने मला त्याच रात्री सांगितलं. लिंबाजींच्या बायकोला, सुलाबाईंना, मात्र आज सांगू, उद्या सांगू करत सांगितलंच नाही. चर्चला येतानाच ते वाहून गेले, असं सगळे समजून चालले. अंत्यविधीच्या वेळी सगळ्यांत जास्त जीवन रडला. मला त्याची कीव आली, आणि थोडी किळसही.

या वर्षीचा गुरुवार एप्रिलमध्ये आला. रानाला भेगा पडलेल्या, हापशाचं पाणीसुद्धा कोमट. सुलाबाई ओळीच्या शेवटी बसल्या आणि शेजारची खुर्ची त्यांनी कुणाला घेऊ दिली नाही. जीवन त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसला, तशा त्या हळूच म्हणाल्या, "आदी ह्यांचे धुवा, पाळकसाहेब. कवाचे बसलेत."

दुःखात माणूस असं बोलतो, मी मनाशी म्हटलं. त्यांचं मन राखायला जीवनने परात रिकाम्या खुर्चीपुढे सरकवली आणि तांब्यातलं पाणी ओतलं.

पाणी काळं झालं.

मी परात उचलली. जड लागली. तळाशी चिकट गाळ होता आणि गाळात सोयाबीनचं एक पान, हिरवंगार. बाहेर नेऊन ओतलं, परात विसळली, ताजं पाणी आणलं. पुन्हा तेच. ओल्या रानाचा वास ओळीभर पसरला. बायकांनी पदर नाकाला लावले.

जीवनने तांब्या खाली ठेवला. "सुलामावशी," तो मान वर न करता म्हणाला, "त्यांना मीच दारातून परत पाठवलं होतं. फरशी घाण होईल म्हणून."

"ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. "मी माफ केलंय तुमाला. ह्यांचं काय ते, त्यायलाच इचारा."

रिवाज असा की शेवटी पाळक खुर्चीत बसतो आणि मंडळीतलं कुणीतरी उठून त्याचे पाय धुतं. जीवन बसला. कुणीच उठेना. मी तरी उठायला हवं होतं. आजही वाटतं, उठायला हवं होतं.

त्याने स्वतःच पाय परातीत ठेवले. पाणी स्वच्छ होतं.

मग ते हललं.

जीवनने डोळे मिटले. गालांवरून धारा लागल्या. "धरलेत," तो पुटपुटला.

घरी आल्यावर मी दिव्याखाली पाहिलं. डाव्या घोट्यावर काळ्या मातीचा ठसा होता. अंगठा आणि तीन बोटं. मधलं नव्हतं.

साबणाने तो जात नाही, स्पिरिटनेही गेला नाही. जीवन म्हणतो, लिंबाजींनी माफ केलं, माझे पाय धुतले त्यांनी. मी हो म्हणते. त्याला त्याशिवाय झोप लागत नाही.

पण ठशाखालची कातडी निळी पडली आहे. पाय धुताना कुणी इतकं घट्ट धरत नाही.