पेन टेकवला की सुशांत बोलतो

विजयदुर्गच्या दवाखान्यात सही करायला त्याने न विचारता माझा पेन उचलला. टोक माझ्या कागदाला लागलं आणि पेन बोलला, "न्याहारीनंतर पांढरी गोळी घ्या." त्याने विंचू धरल्यासारखा पेन टाकला.

"ह्यो लिवणा नाय, बोलता," मी म्हटलं. हसू आवरेना.

हा सुशांत. त्याच्या आईला, काशीबाईंना, वाचता येत नव्हतं; प्रेशरच्या गोळ्या मात्र रोजच्या. आणि हा आठवड्याभरात जहाजावर निघणार, नऊ महिन्यांसाठी. असे बोलके कागद बनवणं हेच माझं काम. सूर्याच्या चित्राला पेन टेकवला की सकाळची गोळी, चंद्राला टेकवला की रात्रीची; कोपऱ्यातलं घराचं चित्र नुसतं शोभेचं.

"आई तुझा ऐकूची नाय," तो म्हणाला. "शाळेतल्या बाईंसारख्या बोलतंस."

"मगे तूच बोल."

बोलला. सात वेळा पुसून, आठव्यांदा. माझ्याकडे बघितलं की अडखळायचा... आणि मीही नजर काढत नव्हते.

तो गेल्यावर चौथ्या दिवशी मी गोळ्या मोजल्या. चार पांढऱ्या संपायला हव्या होत्या, नऊ संपल्या होत्या. काशीबाई भिंत धरून चालत होत्या.

"काकी, इतक्यो कश्यो?"

"झिलाचो, माझ्या सुशांतचो आवाज ऐकूक पेन लावतंय गो किशोरी. तो घे म्हणता... नको कसा म्हणू?"

डॉक्टरांनी त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. मी उशाशी बसून राहिले. त्याचा आवाज घालायची कल्पना माझी होती. सुशांतला सगळं कळवलं. उत्तर नाही. आता तो माझं तोंडही बघणार नाही, असं वाटून जेवण जाईना.

काकी घरी आल्या त्या दिवशी त्याचा आवाज माझ्या फोनवर आला.

"आये, ह्यो घराच्या चित्रात घालूक सांगितलंय. हय गोळी नाय, नुसती गजाल, गप्पा. कितीव येळा ऐक." मग जहाजावरचं जेवण, न मिळणारे बांगडे... आणि शेवटी — "किशोरी आधी ऐकतलाच. तेका सांग, मी रागावूक नाय. घरी इल्यावर तेका इचारतलंय... आमच्या घरात येशीत काय?"

शेवटचं कापायला हवं होतं. आजारी बाईच्या कागदावर माझं काय काम? पण हात होईना. सगळं भरलं आणि पेन काकींना दिला.

त्यांनी ऐकलं. पुन्हा ऐकलं. माझे कान तापले होते.

"तो नऊ महिन्यांनी इचारतलो," त्या म्हणाल्या. "माका आज सांग."

"येतलंय," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं.