दोराचं मोकळं टोक

भोंगवलीला यांच्या जोडीदाराच्या दहाव्याला निघाले तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं, की परत येईपर्यंत खानावळीतलं वरण नासू नये. मे महिन्याचं ऊन होतं. वेल्ह्यात एसटी स्टँडच्या मागं माझी खानावळ आहे. तोरण्यावर चढणारी माणसं सकाळी पोहे खाऊन जातात आणि दुपारी पाय ओढत पिठलं-भाकरीला येतात. जाताना गाणी म्हणतात, येताना आईची आठवण काढतात. डोंगर दुरून साजरे ही म्हण ज्यानं काढली, तो नक्की तोरणा उतरून आला असणार.

माझ्या घरातच तसलं एक निघालं, त्याला काय करणार! आमचे हे, म्हणजे स्वरूप, आणि भोंगवलीचे इंद्रजित भावजी, दोघं कॉलेजपासूनचे जोडीदार. आधी तोरणा-राजगड, मग लिंगाण्याचा सुळका, मग दर उन्हाळ्यात हिमालय. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी यांची सॅक कायम भरलेली. मी विचारायचे, एवढं काय आहे हो तिथं? हे म्हणायचे, "तिथं आभाळ निळं न्हाई, काळं दिसतं, मंगल. भर दुपारी." जसं काही काळं आभाळ बघायला मिळालं तर माणसाचा जन्म सार्थकी लागतो.

त्या वर्षी दोघं नेपाळातल्या एका शिखरावर गेले. एव्हरेस्ट नव्हे, पण त्याच्या पंगतीत बसणारं. निघायच्या आधी मी माझ्या लग्नातल्या हिरव्या शालूच्या काठाची चिंधी फाडली आणि यांच्या नारिंगी दोराच्या एका टोकाला घट्ट बांधली. ते टोक यांचं, दुसरं भावजींचं. दोघांची खूणही ठरलेली होती. वाऱ्यात आवाज पोचत नाही, म्हणून दोराला एक झटका दिला की थांब, दोन दिले की ये.

शिखर झालं नाही. उतरताना, शेवटच्या तंबूच्या बऱ्याच वर, भावजी बर्फात बसले ते बसलेच. तिथली हवा इतकी विरळ की माणसाला बसल्यावर उठावंसंच वाटत नाही म्हणे. यांनी खालून दोन झटके दिले, पुन्हा दिले, वर जाऊन हलवलं, शिव्या घातल्या. काही नाही. मग यांनी आपल्या कमरेची गाठ सोडली आणि एकटे उतरले. न उतरते तर तिथं दोघं बसले असते. पायाची दोन बोटं मात्र बर्फानं नेलीच.

भावजींना खाली आणणं कुणाच्या हातात नव्हतं. तिथं काही नासत नाही, काही कुजत नाही. जसे बसले तसे ते बसून राहिले, अंगात लाल जाकीट, कमरेला दोर तसाच. इकडं त्यांच्या आईनं, ठकुबाई मावशीनं, वाट बघून बघून डोळ्यांचं पाणी आटवलं. शेवटी पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला.

दहाव्याला नदीकाठी पिंड मांडले. समोरच्या करंजावर कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. भावजींचे चुलते रखमाजी हात जोडून पुढं झाले. "इंद्रजिता, तुझ्या आईला आमी बघू. काळजी करू नगंस." कावळे गप्प. कुणी म्हशीचं नाव घेतलं, कुणी शेताचं. ऊन डोक्यावर आलं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू, शास्त्राला चालतं.

तोवर गप्प बसलेली ठकुबाई मावशी एकदम म्हणाली, "न्हाई. माझ्या लेकाला शरीर गवताचं दिलं. आता कावळाबी गवताचाच देता व्हय?"

तेव्हा आमचे हे माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. पायाला पट्ट्या होत्या. पिंडाजवळ जाऊन, बाजूला बसलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "इंद्या, म्या येतो. फुडल्या साली येतो. तवर बसून ऱ्हा."

वाक्य संपायच्या आत कावळा उतरला.

सगळ्यांना हायसं वाटलं. मला भीती वाटली. साधी, सरळ भीती. नदीवर दिलेला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. हे ताकास तूर लागू देत नव्हते, पण सॅकमध्ये दगड भरून तोरण्यावर जातात हे गिऱ्हाइकांकडूनच मला कळलं. मी भांडले. "दोन बोटं दिली. अजून काय काय द्यायचंय त्या डोंगराला?"

"डोंगराला न्हाई. इंद्याला शब्द दिलाय."

"आणि मला दिलेला?"

यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "खरं सांगू? शब्द नसता तरी गेलो असतो. हितं झोपलो तरी तिथलाच वारा ऐकू येतो."

माणसानं दारू प्यावी, पत्ते खेळावेत, निदान संध्याकाळी घरी तरी येतो.

वरच्या धनगरवाड्यावरून धोंडाबाई माझ्याकडं दही घालायला येते. तिच्यापाशी मी रडले. तिनं दह्याचं मडकं उतरवलं, चुंबळ काखेत मारली आणि विचार करून म्हणाली, "पिंडावर दिलेला शब्द पिंडावरच फिरवायचा, लेकी. जिथं दोघं पयल्यांदा दोराला लागले तिथं जा. त्येला बदल्यात दुसरं कायतरी दे. पर त्येला पायजे तेच दे. न्हाईतर घ्यायचा न्हाई."

महाशिवरात्र झाल्यावर मी यांना घेऊन तोरण्यावर गेले. "तुमी न्हाई आला तर एकटी जाते," म्हटल्यावर आले. झुंजार माचीखाली एक कडा आहे. कॉलेजात असताना दोघं तिथं दोर लावायला शिकले. हे माझ्याकडं पाठ करून लांब बसले. मी पानावर भाताचा पिंड ठेवला. शेजारी बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. भावजी माझ्याकडं आले की तेच मागायचे.

वारा पडला होता. खालच्या खोऱ्यातून कुठल्या तरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता. कड्यावर कावळे होते, तसेच, नदीवरच्यासारखे गप्प. मी म्हटलं, भावजी, ह्यांना शब्दातनं मोकळं करा. मावशीला माझ्याकडं आणते, माझ्या आईसारखी ठेवते. काही नाही. तुमच्या नावानं पोरांना चढाई शिकवतील हे, हितंच, तोरण्यावर. काही नाही. माझे गुडघे दुखायला लागले आणि मला त्या मेलेल्या माणसाचा राग आला. लई राग आला.

"ह्यांना वर बोलवायचं न्हाई," मी म्हटलं. "एवढी जोडीदाराची आठवण येत आसंल तर तुमीच खाली या. माझ्या दाराशी रोज तुमचं ताट वाढीन म्या. मरंस्तवर वाढीन. पर हे न्हाई यायचे."

पंखांचा वारा माझ्या तोंडावर आला. कावळ्यानं पिंड फोडला आणि भाकरीचा तुकडा उचलून तो कड्याखाली गेला.

त्या दिवसापासून हे बदलले. माझं कुणी ऐकलं असेल-नसेल, यांचं मन डोंगरावरून उतरलं हे खरं. बूट, कुऱ्हाडी, दोर, सगळं सामान पुण्याच्या एका क्लबला देऊन टाकलं. घरात दोर म्हणून ठेवला नाही. कपडे वाळत घालायलासुद्धा मी तार ओढून घेतली. ठकुबाई मावशीला भोंगवलीहून आणलं. ती लसूण सोलते, तांदूळ निवडते, गिऱ्हाइकांना "आजून घे, आजून घे" करते. आणि दाराजवळच्या बाकावर रोज दुपारी मी एक ताट वाढते. संध्याकाळी ते कुत्र्याला जातं. मी केलं ते बरोबर केलं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

त्याच उन्हाळ्यात यांच्या ओळखीतल्या दत्ताचा फोन आला. तो त्या शिखरावर जाऊन आला होता. म्हणाला, "इंद्रजित जिथं बसला व्हता तिथं कोणी न्हाई, स्वरूप. जागा मोकळी हाय." हे म्हणाले, वारं नेतं, बर्फ सरकतं, तिथं असं होतं. मी मान हलवली आणि कणिक मळत राहिले.

दिवाळीनंतर दत्तानं पुन्हा फोन केला. दुसऱ्या एका तुकडीला इंद्रजित दिसला होता. पार खाली, पहिल्या तंबूच्या जागी. बसलेला. डोंगराकडं पाठ आणि तोंड उताराकडं. बर्फ सरकलं म्हणावं तर मधे दोन मोठ्या भेगा होत्या, आणि त्या ओलांडून बर्फ माणसाला बसतं ठेवून नेत नाही. यांनी फोन ठेवला आणि मला काही सांगितलं नाही. पण फोनचा आवाज मोठा होता.

यंदाच्या चैत्रात धोंडाबाई दही घेऊन आली ती उशिरा आली. डोंगराच्या वरच्या धारेनं न येता वळसा घालून आली होती. "धारंवर कोन तरी बसतंय," ती म्हणाली. "लाल जाकीट. पाठमोरा. कुत्रं फुडं जाईना, मेंढरंबी जाईनात. म्या हाक मारली तर बोलंना."

"पर्यटक आसंल," मी म्हटलं.

"आसंल," ती म्हणाली. "पर ह्या उन्हात त्येच्याभवती दव पडलं व्हतं."

हे सगळं सांगायचं कारण, परवा दुपारी जे झालं ते. गिऱ्हाईक जेवून गेलं होतं. हे आतल्या खोलीत पडले होते, घोरत होते. मावशी चुलीजवळ तांदूळ निवडत होती. मी मागून घासलेली ताटं घेऊन आले आणि माझा पाय कशावर तरी पडला. गार. इतकं गार की चटका बसल्यासारखी मी मागं सरले.

फरशीवर दोर होता. नारिंगी. भिजून काळपट झालेला, आणि त्याच्या पिळात पांढरं काही अडकलेलं, उन्हाची तिरीप लागली तिथं विरघळणारं. त्याचं एक टोक आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी पडलं होतं. त्या टोकाला हिरवी चिंधी होती. शालूचा काठ मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

दुसऱ्या टोकाकडं मला बघायचं नव्हतं, पण बघितलं. दोर फरशीवरून दारापर्यंत गेला होता आणि बाकापाशी वर चढला होता. तिथं त्याला फास होता, चढाईवाले कमरेला घालतात तसा, गाठ मारलेला. तो फास बाकावर पडलेला नव्हता. बाकाच्या वर, बसलेल्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, गोल, तसाच थांबला होता. आत काही नव्हतं. बाकाखाली पाणी ठिबकत होतं.

मावशीनं वर बघितलं. तिला काय दिसलं मला माहीत नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि मी झाकून ठेवलेलं ताट उचललं. "लई उशीर केलास रे," ती म्हणाली. ताट बाकावर ठेवलं, तांब्या ठेवला. "जेव. आधी जेव."

मला त्या टोकाचंच पडलं होतं. ते उंबऱ्याशी होतं आणि उंबऱ्याच्या आत माझा नवरा झोपला होता. मी ते उचललं. हाताची कातडी चिकटत होती. खानावळीच्या मधल्या खांबाला दोन वेढे दिले आणि म्हशीच्या दाव्याला मारतात तशी गाठ मारली. मग बाकाकडं तोंड करून म्हटलं, "भावजी, ताटाचं ठरलं व्हतं. बाकी कशाचं न्हाई."

काही झालं नाही. ताटातल्या भाकरीची वाफ मात्र जिरली. ताकाच्या वाटीवर बर्फाचा बारीक पापुद्रा धरला, दुधावर साय धरते तसा. मावशी बाकासमोर खाली बसून वारा घालत होती.

मग दोर हळूहळू फरशीवरून उचलला गेला. ताठ झाला. खांब करकरला आणि पत्र्यावरची धूळ माझ्या डोक्यावर पडली.

एक झटका आला.

थांब, मी मनात म्हटलं. थांब म्हणतायत. एकावरच राहू दे, देवा.

मग दुसरा आला.

मी गाठीवर दोन्ही हात दाबून धरले. गाठ पक्की होती, ती सुटली नाही, अजूनही सुटलेली नाही. पण आतल्या खोलीतलं घोरणं थांबलं होतं. आणि झोपेतच, अगदी रोजच्या आवाजात, आमचे हे म्हणाले, "आलो रे…"