टिकलीची बकेट

"टिकलीनं बकेटच पाडली असन. नाई तं तिची लाल बकेट डोक्यावर घालून बाजारभर फिरीन," हेमराज म्हणाला.

"मी हरली तं मी फिरीन," शेजारची जरीना म्हणाली. "पण मंग काकांचं तोंड काऊन उतरलं?"

टिकली म्हणजे हेमराजनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं चितळाचं पाडस. दिवाळीत जंगलखात्यानं तिला नेलं. आज जरीनाच्या अब्बांच्या, म्हणजे अयूबभाऊंच्या, एसटीडी बूथवर तिच्याबद्दल फोन आला. हेमराजचे गुणवंतकाका इंग्रजीचे मास्तर. पोरांपासून काही लपवायचं झालं की इंग्रजी सुरू! फोन ठेवून ते अयूबभाऊंना म्हणाले, "टिकली किक्ड द बकेट."

किक म्हणजे लाथ, एवढं हेमराजला येत होतं. कोंड्याची लाल बकेट समोर ठेवली की टिकली आधी लाथ घालायची. जुनी खोड गेली नाही, म्हणजे पोरगी मजेत!

"थांब, काकांलेच बोलतं करतो का नाई पाह्य," जरीना म्हणाली.

ती हेमराजच्या ओसरीवर गेली आणि गंभीर तोंडानं म्हणाली, "काका, अब्बा किक्ड द बकेट."

काकांच्या हातातली चहाची बशी खाली! एका पायात चप्पल घालून ते बूथकडे पळत सुटले. मागे पोरं. हेमराजला हसू आवरेना.

बूथमध्ये अयूबभाऊ भजे खात बसले होते. काकांनी त्यांना मिठीच मारली. "अयूब, जिता हायेस तू? पोरगी म्हणे, गेला."

"कुठी गेलो? इथीच तं हावो."

हेमराजचं हसू थांबलं.

"काका," तो हळूच म्हणाला, "बकेटले लाथ मारणं म्हणजे मरणं?"

काका बाकड्यावर बसले. "तापानं गेली बाबू. तुले सांगाची हिंमत झाली नाई मले."

अयूबभाऊंनी भज्यांची प्लेट बाजूला सारली.

"पैज कॅन्सल," जरीना म्हणाली.

"नाई," हेमराज म्हणाला आणि लाल बकेट आणायला घरी गेला.

बाजारात लोक हसले. भाजीवाल्यानं शिटी मारली. काका मागून चालत होते. "हसू नका," ते म्हणाले. "मी या पोरायपासून लपवलं, अन् पोरायनं मले बरोबर पकडलं. आपल्याहून शहाणे पोरं हायेत."

बकेटच्या आत अंधार होता. कोंड्याचा वास अजून गेला नव्हता. हेमराजला आपले पाय दिसत होते, शेजारी जरीनाच्या चपला. आत रडलं की आवाज घुमायचा.

जरीनानं त्याचा हात धरला आणि मोठमोठ्यानं बोलायला लागली, "सरक हेमराज, इथी टमाटर हायेत. आता मिरच्या. आरामात चाल, बाजार लंबा हाये."