उंबऱ्यापर्यंतचं पाणी

“जेवायला उशीर झाला तरी चालेल, पण आजचं पाणी चुकवायचं नाही!” मोजपट्टीने फर्मान काढलं.

“आणि पाणी नाही आलं तर?” भोंगा ओरडला. हळू बोलणं त्याला माहीतच नव्हतं.

“पौर्णिमा आहे. बाराला दहा कमी असताना येणार!”

स्वतःच्या सावलीचीही लांबी मोजणारी म्हणून ती मोजपट्टी. भोंगा तिचा धाकटा भाऊ आणि सात वर्षांची चिंगी मामेबहीण. दर सुट्टीत तिघं आजोबांकडे येत. किनाऱ्यावरच्या शेडमध्ये आजोबा होड्या दुरुस्त करत. पण रविवारपर्यंत शेड रिकामी करा, असा हॉटेल बांधणाऱ्या बिल्डरचा कागद आला होता.

“आधी ऊन खायला चार पाहुणे आले,” आजोबा हत्यारं पोत्यात भरताना म्हणाले होते. “त्यांच्यासाठी खुर्च्या आल्या, खुर्च्यांमागून हॉटेल, हॉटेलसाठी रस्ता. पूर्वी या वाळूत कुणी फुकट राहिलं नसतं. आता समुद्र दिसतो म्हणून नुसत्या खिडकीला भाव!”

किनाऱ्यावर लाल खुंट्या ठोकल्या होत्या. त्या म्हणे भरतीची रेषा. रेषेपासून समुद्राकडची जागा सगळ्यांची, तिथून कुणाला उठवता येत नाही. अलीकडची बिल्डरची. आणि शेड खुंट्यांच्या अलीकडे होती.

पण काल शेडच्या खांबाला घासून चिंगीचा गुडघा सोलवटला. “आई गं! याला दात आहेत!”

मोजपट्टीने वाकून पाहिलं. लाकडाला बारीक, टोकदार शिंपले चिकटलेले. “हे जिवंत आहेत! खारं पाणी पुन्हा पुन्हा मिळालं तरच जगतात. म्हणजे समुद्र इथवर येतो!”

“मग खुंट्या तिकडे खाली कशा?”

तिघं धावत खुंटीपाशी गेली. तिच्यावर मोजणीची तारीख रंगवलेली होती. मोजपट्टीने घरी कॅलेंडरची दोन पानं मागे उलटली. त्या दिवशी चंद्र अर्धा होता!

“भांगाची भरती! सगळ्यात लहान! मोजणीदारकाकांनी पौर्णिमेच्या उधाणाची वाट न बघता रेषा ओढली!”

आता मोठ्यांना इथे आणायचं कसं? ते काम भोंग्याचं. तो बिल्डरच्या मॅनेजरकडे गेला. “साहेब, शाळेच्या प्रकल्पासाठी तुमचा आणि मोजणीदारकाकांचा खुंटीजवळ फोटो हवाय! उद्या साडेअकराला!”

आणि आले की दोघं! चकचकीत बूट घालून.

“हसा! अजून जरा!” भोंगा मोबाइल धरून वेळ काढत होता. पाणी सरसरत आलं आणि बुटांत शिरलं.

“अरे, अरे!” मॅनेजर मागे सरकले. पाणीही सरकलं.

“मागे या ना साहेब, फोटो छान येतोय!”

खुंट्या बुडाल्या. मागे सरकता सरकता दोघांची पाठ शेडच्या खांबाला टेकली. पाणी शिंपल्यांपर्यंत चढलं होतं.

मोजणीदारकाकांनी वाकून त्या शिंपल्यांवरून बोट फिरवलं. “चूक माझी आहे,” ते हळूच म्हणाले. “लेखी देतो. शेड हलणार नाही.”

“हुर्रे!” भोंग्याने आभाळ डोक्यावर घेतलं. आजोबांनी मोजपट्टीच्या पाठीवर थाप मारली. “शाबास! माझी हयात या पाण्यात गेली, पण खुंटीवरची तारीख वाचायचं मला सुचलं नाही.”

तेवढ्यात चिंगीने तिचा हात ओढला. “ताई, मावशी बघ.”

शेडला लागून जाळीवाल्या मावशीचं घर होतं. ती जाळी विणायची. तिला कागद आधीच आला, तशी ती भाड्याच्या खोलीत गेली आणि मागच्या महिन्यात बिल्डरने तिचं घर पाडलं. आता नुसती फरशी उरली होती. जिथे स्वयंपाकघर होतं तिथे मावशी उभी होती, घोटाभर पाण्यात.

“उधाणाला पाणी माझा उंबरा धुऊन जातं, हे मी मोजणीच्या दिवशीच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “हसले सगळे.”

“आम्हीपण हसायचो, मावशी,” भोंगा म्हणाला. पहिल्यांदाच इतक्या हळू.

“मग माझंही घर रेषेच्या आतच होतं म्हणायचं?”

उत्तर मोजपट्टीला माहीत होतं. तिने सकाळीच मोजलं होतं.

“हो मावशी. पूर्ण आत.”

बरोबर उत्तर देऊन तिला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

मावशीने ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. “गुणाची गं पोरगी. तुमच्या आजोबांचं तरी राहिलं. पुढच्या सुट्टीत आलात की घरी...” ती थांबली.

पाणी उतरू लागलं. मावशी निघाली. भिंती नव्हत्या, कुठूनही जाता आलं असतं. पण ती दाराच्या जागेपाशी गेली, पाऊल उचललं आणि नसलेला उंबरा ओलांडून बाहेर पडली.

तिच्यामागून तिघंही गेली. एकेक जण तिथे थांबला आणि पाऊल उचलूनच बाहेर आला.