बंदूक मोड

कंदील राहू द्या तिकडेच. ऐका.

माझ्या ओळखीतला एक शिंपी. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि माणूस एकटा. वडील गेल्यापासून घरात बोलणारं काय ते शिलाईचं मशीन. वडील लाकडाच्या वखारीवर रखवालदार होते. करवतीत उजव्या अंगठ्याचं टोक गेलेलं, म्हणून सगळे त्यांना अर्धाअंगठा म्हणायचे. पणजोबांपासून आलेली दुनळी बंदूक त्यांच्याकडे असायची, पण पोराला कधी हात लावू दिला नाही. एका रात्री वखारीवर चोर आले. वडील बंदूक घेऊन थंडीत उभे राहिले, आणि तिथेच त्यांना दुखण्याने धरलं. जाताना एवढंच म्हणाले, "मोड... बंदूक मोड."

शिंप्याला वाटलं, दागिना मोडतात तशी. विकून टाक म्हणतायत.

परवान्याच्या खेपा घालण्यात महिने गेले, बंदूक कपाटावर पडून राहिली. मग बहिणीचा निरोप आला. रविवारी येते, पोराला घेऊन. पोर पाच वर्षांचं, दिसेल ते ओढून बघणारं. शिंपी हरखला आणि लगेच धास्तावला. शनिवारी संध्याकाळी त्याने बंदूक चादरीत गुंडाळून सायकलला बांधली आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे किंमत विचारायला निघाला. दुकानाला कुलूप. शेजारी म्हणाला, सकाळी भेटतील.

परत फिरला तोवर डिसेंबरचा अंधार पडलेला. कालव्याकडेचा रस्ता, चंद्र नाही, दुसरं वाहन नाही. चेन तेवढी कुरकुरत होती. मग मागून खोकला आला. ओळखीचा. दोन ठसके आणि घसा खाकरणं.

"मोड."

त्याने मागे पाहिलं नाही. "मोडतो ना बाबा. उद्या सकाळी."

"आत्ता."

त्याने पायडल जोरात मारलं.

घरी येऊन त्याने बंदूक कापड बेतायच्या टेबलावर तशीच ठेवली, कडी लावली, वर जाऊन पांघरूण ओढलं. भीती वाटली, नाही असं नाही. पण खरं सांगू? इतक्या महिन्यांनी कोणीतरी त्याच्याशी बोललं होतं.

डोळा लागतो न लागतो... खालून आवाज. मशीनच्या तेलाची कुपी. टुक. टुक. मग थांबलं.

खोकला.

खट्.

"बाबा...?"

उजाडेपर्यंत तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिला.

सकाळी पाहतो तर चादरीची घडी घातलेली. बंदूक मधोमध वाकून उघडी. शेजारी दोन काडतुसं, दोऱ्याच्या रिळांसारखी उभी.

त्याने सगळं तसंच म्हाताऱ्याकडे नेलं. म्हातारा म्हणाला, "बरं केलंत, मोडून आणलीत."

शिंपी म्हणाला, मोडायलाच आणलीय, किती पैसे येतील?

म्हातारा हसला. "अहो, आमच्यात मोडणं म्हणजे अशी उघडणं. आत काही आहे का ते दिसतं. घरात पोर असेल तर रिकामी करून, मोडूनच ठेवावी."

शिंप्याने उघड्या नळ्यांत डोकावून पाहिलं.

म्हाताऱ्याने नळ्या खिडकीकडे धरल्या. खालचे शिक्के वाचले, पोलादावरच्या लाटांसारख्या नक्षीवरून बोट फिरवलं. पट्ट्या पिळून केलेल्या नळ्या आहेत, म्हणाला, बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठीच्या. शोभेची म्हणून किंमत चांगली येईल, डागायची मात्र कधी नाही. मग काडतुसं पाहिली आणि त्याचा आवाज उतरला. "ही तर आजकालची, जोरदार दारूची. हिच्यात? चाप ओढला असता कोणी, तर नळीच फुटली असती तोंडावर."

शिंप्याच्या डोळ्यांसमोर बहिणीचं पोर आलं.

"पण उघडली कशी?" म्हातारा नळ्या उघडायचा खटका उजेडाकडे फिरवत म्हणाला. "हा तर गंजून बसलेला दिसतो. नुसत्या हाताने..."

खटक्यावर तेल होतं. तेलात अंगठा उमटलेला. वरचं टोक नसलेला.

शिंप्याने बंदूक विकली नाही. काडतुसं म्हाताऱ्याच्या स्वाधीन केली. बंदूक वरच्या खोलीत कुलुपात आहे, रिकामी, मोडलेली. मी पाहिलीय. तो ठसा त्याने पुसला नाही.

तीन हिवाळे झाले. तेल अजून वाळलेलं नाही.