खेळ कोणी थांबवला?

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक! साल २०४७. इचलकरंजीत व्हिडिओ गेमची स्पर्धा. जुई उपांत्य सामना जिंकली, कंट्रोलर दप्तरात कोंबला आणि नाचतच पहिल्या रांगेत येऊन बसली. आता त्याच मशीनवर निहाल अत्तार बसला. काय खेळतो गं तो! बोटं कुठली, वीजच ती! तो जिंकला, तर अंतिम सामन्यात जुईसमोर तोच येणार.

शेवटची फेरी. निहाल जिंकतोय, जिंकतोय... आणि खेळ एकदम थांबला!

"मी काही दाबलंच नाही!" निहाल ओरडला.

"मग काय भुतानं दाबलं?" समोरचा हसला. नियम कडक होता, ज्यानं खेळ थांबवला त्याची फेरी गेली.

पंच होता बिंदू, रोबो. त्यानं निहालच्या कंट्रोलरची वायर तपासली. "हा निर्दोष. वायरीतला संदेश वायरीतूनच येतो, नळातल्या पाण्यासारखा. हा संदेश हवेतून आला, रेडिओलहरींवर (न दिसणाऱ्या लहरी). म्हणजे कुणाचा तरी बिनतारी कंट्रोलर."

"पण इथे तर दुसऱ्या कुणाच्याच हातात कंट्रोलर नाही!" निहाल म्हणाला.

"लहरी कापडातूनही जातात, दहा-पंधरा पावलं सहज. आणि मशीन जोडणी (कंट्रोलरशी झालेली ओळख) विसरत नाही. उठताना ती तोडावी लागते. कुणीतरी विसरलंय."

जुईनं हळूच दप्तरात हात घातला. कंट्रोलरचा निळा दिवा चालू! वर डबा, डब्याखाली दाबलं गेलेलं, खेळ थांबवायचं बटण.

"तो कंट्रोलर सापडला, तर फेरी पुन्हा होईल," बिंदू म्हणाला. "आणि त्याच्या मालकाची पुढच्या सामन्यात एक फेरी कापली जाईल. नाही सापडला, तर नियमाप्रमाणे निहाल बाहेर."

कुणालाच माहीत नव्हतं. गप्प बसली असती, तर सोपा प्रतिस्पर्धी आणि करंडक जवळजवळ हातात!

जुई उठली. "माझा आहे. जोडणी तोडायची राहिली."

"वेडी आहेस काय?" निहाल पुटपुटला, पण हसला.

तो ती फेरी जिंकला आणि मग अंतिम सामनाही, अगदी एका फेरीनं! नेमकी कापलेली तेवढीच. जुई रडली थोडी. मग डोळे पुसत बिंदूला म्हणाली, "खेळाडू उठला की जोडणी आपोआप तुटेल, असा कंट्रोलर बनवता येईल?"

"येईल की," बिंदू म्हणाला. "चल, आत्ताच आखू या."

आता खरं सांग हं. कुणीच बघत नसताना, तू काय केलं असतंस?